दोन पिनांचं छत

रविवार, १२ मे, सकाळ

बारके,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून. तुझे भावोजीही बरे आहेत, जेवतात, घोरतात. तू कशी आहेस ते विचारत नाही. विचारायला फोन केला की तुझी लेक उचलते आणि म्हणते, "मावशी, आई आंघोळीला गेलीय." दोन वर्षं आंघोळ करतेयस का गं? अंगाची सालं निघाली असतील.

म्हणून पत्र. चौथीनंतर माझ्या हातात पेन कितीदा आलं ते तुला माहीतच आहे. चुका दिसल्या तर हस आणि पुढे वाच.

बातमी अशी की ट्रेलरच्या, आपल्या सुट्टीतल्या त्या चाकांवरच्या घराच्या, दारावरचं गुंडाळीचं छत मी नवीन केलं. स्वतः. भावोजी म्हणाले, "मिस्तरी बोलावू." म्हटलं, मिस्तरी येणार, दांडे हलवून बघणार, मान हलवणार आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणणार. मला नाही एवढा धीर. काल सकाळीच स्टुलावर चढले.

जुनं कापड सोडवलं तर बुरशीचा असा भपकारा आला की विचारू नकोस. दर सुट्टीत निघायच्या घाईत आपण ते ओलंच गुंडाळायचो ना, मग दुसरं काय होणार. ज्या नळीवर ते गुंडाळतात तिच्या आत स्प्रिंग असते. ती सुटली तर मनगट मोडते. म्हणून आधी नळी दोरीने करकचून बांधली आणि भावोजींना धरायला लावली. सांगितलं, "आता शिंकलात तर बघा." शिंकले. पण धरून शिंकले, तेवढं त्यांचं कौतुक.

नवीन कापड मी आधीच कामावर, लॉन्ड्रीतल्या मशीनवर शिवून आणलं होतं. आमची मुकादमीण ओरडली, "अगं, हे चादरीचं मशीन आहे, तंबूचं नाही!" म्हटलं, मशीनला काय कळतंय? दोन सुया मोडल्या तेव्हा कळलं की मशीनला कळतं. तिसरी जाड सुई घातली, दोरा उन्हात न कुजणारा घेतला आणि दुहेरी शिलाई मारली. ट्रेलरच्या भिंतीला खाच असते, तिच्यात कापडाची कड सरकवायची. ती अर्ध्यात अडली. खाचेत मेणबत्ती घासली, मग गेली सुळकन. एक बाजू चार बोटं खाली ठेवलीय, पावसाचं पाणी साचायला नको. दाराच्या वर बारक्या दिव्यांची पट्टीपण लावली. झकास दिसतं.

कापड हिरव्या पट्ट्यांचं आहे. दुकानात तेवढंच होतं.

आता दांड्यांचं सांगते.

इथे पत्र थांबलं होतं. भांडी घासून आले. भांडी तशी दोनच होती.

दुकानात निळंही होतं. तुला हिरवा आवडतो म्हणून हिरवं घेतलं. झालं, एक सांगून टाकलं. आता दुसरं.

आपली रीत आठव. डावा दांडा तुझा, उजवा माझा. दांडा उचलायचा, भोकात पिन घालायची आणि ओरडायचं, "लागली!" दोघींचं ओरडून झालं की मगच हात सोडायचे. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू ओरडलीस. मीही ओरडले. पण आत दूध उतू जात होतं बारके, आणि माझी पिन माझ्या हातातच होती. आधी दूध, मग पिन असं म्हणून मी आत पळाले, आणि ती मग राहिलीच.

दुपारी वारा सुटला. माझा दांडा निसटला, सगळं छत उलटून ट्रेलरच्या टपावर गेलं, दांडा वाकला, कापड फाटलं. शेजारच्या दोन ट्रेलरमधली माणसं धावत आली, आणि मी त्यांच्या देखत तुझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिच्या हातून एक काम धड होत नाही, म्हणून तर शाळेच्या स्वयंपाकघरातून काढली हिला."

तू नासलेलं दूध पोरांना द्यायला नाही म्हणालीस म्हणून तुला काढलं होतं. हे तू फक्त मला सांगितलं होतंस. मी तेच उचलून तुझ्या तोंडावर मारलं.

तू पिशवी भरलीस आणि गेलीस. मी चहा ठेवायला आत गेले, तर पिन साखरेच्या डब्याशेजारी. तुझी बस सहाची होती. तेव्हा साडेपाच वाजले होते. स्टँड दहा मिनिटांवर. मी पिन खणात टाकली आणि चहा गाळला.

काल भावोजी जुने दांडे काढत होते. तुझ्या बाजूची पिन इतकी घट्ट बसलेली की हातोडीने ठोकून काढावी लागली. म्हणाले, "ही तर जागची हललेलीच नाही. मग सुटलं कसं?" सांगितलं त्यांना. त्यांनी पान्हा पुसून ठेवला. मग म्हणाले, "मला काय सांगतेस? तिला सांग."

नवीन दांडे असे घेतलेत की एकटीला उघडता येतात. पिना साखळीने दांड्यालाच अडकवल्यात, हातात घेऊन पळायची सोयच नाही. तेव्हा मी तुला कामाला बोलवत नाहीये, नीट ऐक. जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून आठ दिवस आम्ही तळ्यावर आहोत. ये, सावलीत खुर्ची टाक आणि बस. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. भावोजींशी बोल.

शेजारचे ते दोन ट्रेलर यंदाही येणार आहेत, मी चौकशी केली. त्यांना बोलावून, त्यांच्या समोर उभी राहून सगळं सांगणार आहे. तू आलीस तरी सांगणार, नाही आलीस तरी सांगणार. ऐनवेळी जीभ फिरायला नको, म्हणून आधी तुझ्याकडे लिहून सही करते.

चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी कळली होती.

तुझी
ताई