फोटो काढणारी

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे! खोकी दारातच पडली आहेत, चहाचं भांडं सापडेना, पण घर अगदी मनासारखं मिळालं. भिंतीतल्या कपाटात आधीच्या भाडेकरूंचा एक कोरा अल्बम राहिलाय. जाड काळी पानं, प्रत्येक पानावर पातळ पांढरा कागद. घरमालकीणबाई म्हणाल्या, ठेवा तुम्हालाच. इथे एक गृहस्थ आणि त्यांची दोन मुलं राहायची म्हणे, फार टापटिपीची.
मुलांसाठी अल्बम लावायचाय, हे माझं नऊ वर्षांचं पालुपद. नवरोबा म्हणाला, नातवंडं झाली की पहिलं पान लागेल. थांब म्हणावं, दाखवतेच!

६ ऑक्टोबर
चादर अंथरून फोटोंचे ढीग केले. एक मोठीचा, एक धाकट्याचा, एक दोघांचा मिळून. सगळं एकदम करायला गेलं की काहीच होत नाही, म्हणून एकेक वर्ष घेतलं. फोटोत बोट आणायची माझी खोड जुनीच. जिथे माझं बोट किंवा जमिनीवर माझी सावली आली होती, तिथे कात्रीने कडा कापल्या. मग कागदी कोपऱ्यांत फोटो बसवून खाली पांढऱ्या पेन्सिलीने तारखा घातल्या. नको ते फोटो आणि कात्रणं कचऱ्याच्या गाडीत दिली. पाठ मोडून आली, पण जीव सुखावला.

८ ऑक्टोबर
मुलं दिवसभर अल्बमला चिकटून होती. समुद्राचा फोटो पाहून मोठी म्हणाली, तिथे आम्ही तिघंच गेलो होतो ना, बाबा, मी आणि हा? मी हसून विचारलं, मग फोटो काय भुताने काढला? ती गोंधळली. म्हणाली, असेल कोणीतरी वाटेवरचं.
नंतर मी पहिल्यापासून पानं उलटली. बेचाळीस फोटो. एकातही मी नाही. नवऱ्याच्या हाताने फोटो कायम हलतात, म्हणून कॅमेरा नेहमी माझ्याकडे. कधी लक्षातच आलं नव्हतं.

९ ऑक्टोबर
धाकट्याला गोवर आला होता तेव्हा मी तीन दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. आज तो सांगतोय, बाबा बसले होते. नवऱ्यालाही तसंच आठवतंय! माझी फिरकी घेतोय म्हणून मी पाठीत धपाटा घातला. पण फिरकी घेताना त्याचे डोळे हसतात. आज हसत नव्हते.
मला भीती वाटली. उगाच असेल.

१० ऑक्टोबर
नवऱ्याला माझा फोटो काढायला लावला. दोन्ही मुलांना कवेत घेऊन बसले. फोटो छापून आणला. कोचाच्या दोन टोकांना दोघं, मधली जागा रिकामी. धाकट्याचा सदरा खांद्यावर चुरगळलेला, कोणी तिथे हात ठेवला असावा तसा.
नवरा म्हणाला, मुलांना इतकं लांब लांब का बसवलं कोण जाणे.
 

११ ऑक्टोबर
सकाळी टेबलावर तीन ताटं. मी चौथं घेतलं, कोणी पाहिलंही नाही. धाकट्याला पाणी दिलं तर तो बाबांच्या मागे लपला.
घरमालकीणबाईंकडे धावले. आधी राहणाऱ्या त्या गृहस्थांना बायको नव्हती का, विचारलं. म्हणाल्या, कधी दिसली नाही. पण घर सोडताना कपाटभर बायकी कपडे निघाले, कोणाचे ते त्या गृहस्थांनाही सांगता येईना. मग माझ्याकडे बघत राहिल्या. विचारलं, आपण कोणाकडे आलात?

१२ ऑक्टोबर
अल्बम लावल्यापासूनच हे सुरू झालंय. तो फाडायचं ठरवलं. पहिला फोटो उपसला, मोठीच्या पाचव्या वाढदिवसाचा. ती शेजारीच होती. वाढदिवस आठवतो का, विचारलं.
नाही म्हणाली. काहीच आठवेना. घाबरून रडायला लागली, आई म्हणून मला बिलगली.
फोटो परत कोपऱ्यांत बसवला. लगेच डोळे पुसून हसली. केक, फुगे, सगळं आठवलं. फक्त मी सोडून.
म्हणजे मी हवी असेन तर यांचं सगळं लहानपण पुसायचं. बेचाळीसच्या बेचाळीस —
माझ्याने नाही होणार. आई आहे मी.

१३ ऑक्टोबर, सकाळ
अल्बम कपाटात ठेवला. नीट. कोपरा दुमडू न देता.
नवऱ्याने दाराची कडी बदलायला माणूस बोलावलाय. म्हणतो, घरात कोणीतरी वावरतं —

दुपार
मुलांच्या खोलीत बसलेय. दुसरीकडे कुठे जाऊ?
दोघं शाळेतून आली. दार उघडलं. धाकटा मला बघून किंचाळला. मोठीने त्याला पाठीमागे घेतलं, बाबांना हाका मारतेय —
पावलं येताहेत.
रडू नको रे राजा. घाबरू नको. मी परकी नाही, मी तुझी —