मत्स्यालयातले आपले मासे

बाबा, काल तुमच्या नातीबरोबर मत्स्यालय बघायला गेले आणि तिथेही तुम्ही माझी पाठ सोडली नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः पासष्टीला टेकले, तरी तुमच्यावर चिडायची माझी सवय काही जात नाही. नात म्हणजे दादाची धाकटी. तिकडे इस्राएलमध्येच जन्मली, पण मराठी बोलते. दोन आठवड्यांसाठी पनवेलला आली आहे ती मला घेऊन जायलाच. तिकडे कायमचं राहायला जायचा फॉर्म बॅगेत घालून आणलाय, माझी सही तेवढी बाकी आहे.

मत्स्यालय ही तिचीच हौस. पहिलंच दालन खाडीचं. काचेमागे चिखल, खारफुटीची मुळं आणि त्यावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या. पनवेलच्या माणसाने रांग लावून, तिकीट काढून खाडीचा चिखल बघायचा! माझ्या पुढे उरणकडच्या एक बाई होत्या, त्या सुनेला सांगत होत्या, "आमी कालवनात टाकायचो यांना. आता बग, काचंत हायत." सून मोबाइलवर फोटो काढत होती. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी खाता का वो?" आणि मी, काही एक गरज नसताना, त्यांना सांगत बसले की आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, ज्याला पर आणि खवले दोन्ही असतात तोच मासा आमच्यात चालतो. "मंग कोलंबी पन नाय?" "नाही." "चिंबोरी?" "नाही." त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

मग मला थांबताच येईना. मुशीच्या टाकीपाशी तोंडातून आपसूक निघालं, खवले नाहीत, नाही चालत. पाकट, नाही चालत. वाम, नाही चालत. बोय दिसल्यावर तर मी बोट दाखवून मोठ्यांदा म्हणाले, हा आपला. नात कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, हळू. लोक बघतात."

अगदी हेच मी तुम्हाला म्हणाले होते, दहा वर्षांची असताना, मुंबईच्या मत्स्यालयात. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय, पायात ऑफिसचे बूट, आणि एकेका टाकीपुढे उभं राहून हजेरी घेतल्यासारखे निकाल देताय. हा चालतो, हा नाही चालत. कासवापुढे सगळी मुलं हरखून उभी आहेत, मीही उभी आहे, आणि मागून तुमचा आवाज येतो, "पर नाहीत." अहो बाबा, कासव कोण खाणार होतं? बाजारातही तीच तऱ्हा. दर शुक्रवारी उरण नाक्यावर तुम्ही मासा उचलून उजेडात धरायचात, नखाने खरवडून खवले बघायचात, आणि मासेवाली मावशी ओरडायची, "भाऊ, मासा घ्यायचा हाय का त्याला जावई करायचा हाय?" सगळा बाजार हसायचा. मी पिशवी घेऊन चार पावलं लांब उभी राहायचे, तुमच्याबरोबर नसल्यासारखी. त्या लाजेचा राग अजून माझ्यात आहे, आणि काल मी हुबेहूब तुमच्यासारखी वागले याचा त्याहून जास्त.

शेवटी काचेचा बोगदा होता, डोक्यावरून मासे जाणारा. तिथल्या बाकावर बसल्यावर नातीने विषय काढला. "पप्पा म्हणतात, आजोबा जायला तयार नव्हते म्हणून तू राहिलीस. तुझं लग्नही राहिलं. पण आता आजोबा नाहीत ना, आत्या. आता का राहतेस?"

गेली चाळीस वर्षं सगळे हेच म्हणतात. पण तुमचा हट्ट फक्त तुमच्यापुरता होता. दादा इस्राएलला गेला त्या वर्षी माझा फॉर्म तुम्हीच आणलात, मला स्टुडिओत नेऊन फोटो काढलेत. म्हणालात, "माझं मी बघेन. तू जा." कागद पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलेत. काही महिन्यांनी मी तुम्हाला सांगितलं की नकार आला. तुम्ही दोनदा विचारलंत, कारण काय दिलं? मग आपणच ठरवलंत की बाप म्हातारा, एकटा, म्हणून पोरीला सोडलं नसेल. शेजाऱ्यांना सांगायचात, "माझ्यापायी अडकली बिचारी." मी आतल्या खोलीतून ऐकायचे. ऑफिसात साधा अर्ज करताना दहा ठिकाणी चौकशी करणारे तुम्ही, त्या नकाराचा कागद दाखव असं एकदाही म्हणाला नाहीत. का नाही म्हणालात? याच गोष्टीचा मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो.

नकार आला नव्हता, बाबा. मी कागद पाठवलेच नव्हते. मला जायची भीती वाटत होती, अजूनही वाटते, आणि भित्री म्हणवून घेण्यापेक्षा अडकलेली म्हणवून घेणं सोपं होतं. हे पत्र कुणाच्या हाती लागणार नाही, म्हणून एवढं तरी लिहिता येतंय. काल नातीला खरं सांगायची चांगली संधी होती. ती माझा हात धरून वाट बघत होती. मी म्हणाले, "हो गं, आजोबांमुळेच राहिले."