कोरलसाठी पाणी तयार आहे

अहो,

मी आठ दिवस करंजाडेला कुमुदताईकडे जातेय. एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. काचेच्या टाकीतलं खारं पाणी कोरलसाठी पंधरा दिवसांपूर्वीच तयार झालंय. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, काचेवरचं तपकिरी शेवाळही गेलं. तुम्ही रोज विचारायचात, "काय डॉक्टरीणबाई, झालं का?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही." समुद्रातलं ते नाजूक, जिवंत कोरल आलं की माझा पाय घरातून निघणार नाही, हे मला कळत होतं. टाकी तुमच्या हौसेची, पण चार महिने मीच तिला बांधलेली. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही मी इथे पाणीच तपासत होते.

रोज सकाळी काचेवरच्या पेनाच्या खुणेपर्यंत पाणी भरा. आरओचं, साधं. मागच्यासारखं मीठ घालू नका. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं. आठ दिवस तुम्हाला हे जमलं, तर कोरल आणायला दोघं जाऊ.

फक्त फोन करू नका. तुम्ही "आता काय करू गं?" म्हणालात की मी पुढच्या रिक्षाने परत येईन. माझी मला खात्री आहे.

नलू