एवढ्या मोठ्या राज्याला एकच खासदार

अण्णा, आमच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग यंदा बंद झाला. आता सगळ्यात जवळचा तीन तासांवर, आणि बर्फ पडला की तो रस्ताही बंद. मार्चमध्ये माझीच एक पेशंट वाटेत, गाडीतच बाळंत झाली. नवरा ड्राइव्ह करत होता. बाळ वाचलं नाही.

तेव्हापासून मी धुमसते आहे, आणि राग काढायला मला खासदार सापडला. पूर्वी आमच्या राज्यातून दोघं वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या संसदेत जायचे, एक डोंगराकडचा, एक आमच्या गव्हाच्या पट्ट्यातला. आमचा आम्हाला दुकानातसुद्धा भेटायचा. मग जनगणनेत इतर राज्यांच्या मानानं आमची माणसं कमी भरली आणि दोनातली एक जागा गेली. राज्य सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलं, हरलं. तेव्हा मी तुम्हाला फोन करून तावातावानं हे सांगत होते, आठवतं? जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेले तुम्ही. शांतपणे म्हणालात, "अगं, माणसं मोजायची असतात, मैल नव्हे." मी म्हटलं, मग आता आमचं मत इतरांपेक्षा हलकं झालं, त्याचं काय? तर म्हणालात, रेघ कुठंतरी ओढावीच लागते. असा संताप आला होता तुमचा! अजून येतो. तुम्ही गेलात, वाद अर्धाच राहिला.

मे महिन्यात खासदारांची सभा होती. बाळ गेलेली ती पेशंट माझ्याबरोबर आली. आमची पाळी यायला दुपार झाली. माणूस वाईट नाही, अण्णा. त्यांनी तिचा हात हातात घेतला, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, अशी पुष्कळ गावं आहेत, मला सगळ्यांकडे बघावं लागतं. मग त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

 परतताना गाडीत तिनं विचारलं, "डॉक्टर, आपल्या पट्ट्याचा वेगळा खासदार असता तर विभाग राहिला असता?"

मी ठासून हो म्हटलं. राहिला नसता. इथं वर्षाला मुलंच किती जन्मतात? दोन सोडा, दहा खासदार असते तरी तो बंदच पडला असता. पण तिला चिडायला कुणीतरी हवं होतं, आणि मलाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही लगेच विचारलं असतंत, तिला खरं कधी सांगणार? मी सांगणार नाही आहे.