निसर्गवादाच्या लेखात जगवलेल्या बाईविषयी

प्रति,
मा. अध्यक्ष,
दक्षिणतारा मराठी मंडळ, ऑकलंड

विषय : माझ्या लेखाचा शेवट परस्पर बदलल्याबाबत खुलासा छापणे.
संदर्भ : दिवाळी अंक २०१६, लेख 'अमेरिकन कादंबरीतला निसर्गवाद'.

महोदय,

मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. अमेरिकन साहित्य हा माझा एम.ए.चा विषय. उपरोक्त लेख संपादक श्री. यशोधन केळशीकर यांनी मागून घेतला होता, मी गळ्यात मारला नव्हता.

निसर्गवाद म्हणजे झाडेझुडपे नव्हेत. रक्त आणि परिस्थिती यांच्या कचाट्यात माणूस कसा भरडला जातो, हे दाखवणारा तो कादंबरीचा पंथ आहे. तरी लेखावर धबधबा छापला गेला आणि प्रकाशनाच्या दिवशी आपण 'पर्यावरणप्रेमी भगिनी' म्हणून माझ्या हाती रोप दिलेत. तेही मी मुकाट्याने घेतले.

लेखात टीकाकारांचा वाद होता. एक पक्ष म्हणतो, परिस्थितीने ढकललेली पात्रे म्हणजे बाहुल्या. ही शोकांतिका नव्हे, नुसता पंचनामा. दुसरा म्हणतो, त्या पंचनाम्यानेच वाचक पेटून उठतो. उदाहरणाला शिकागोतल्या एका धोबिणीची कादंबरी घेतली होती. ओलसर तळघरात राहून ती छातीच्या दुखण्याने मरते. छापील लेखात मात्र ती जिद्दीने बरी होऊन स्वतःची लॉन्ड्री काढते, आणि वाद 'मिटतो'.

फोन केल्यावर संपादक म्हणाले, "अहो विभावरीताई, आपण सगळे हिमतीवर इथे आलो, फ्लॅट बुशसारख्या उपनगरात घरं बांधली. दिवाळीत रडगाणं कशाला? पॉझिटिव्ह केलंय, एकदम झकास, स्वीट अ‍ॅज!"

टीकाकारांची शंभर वर्षांची भांडणे एका घरमालकाने फोनवर निकालात काढली. त्यांचाही सत्कार व्हावा.

दर हिवाळ्यात भाड्याच्या ओल्या घरांतली मुले माझ्या वॉर्डात धापा टाकत येतात. त्यांच्या आयांची जिद्द कमी पडली, असा अर्थ आता माझ्या नावावर छापून आला आहे. त्या आयांसमोर मी उभी असते, संपादक नव्हे.

गेल्या रविवारी आपल्या सभासद, फार्मसिस्ट सरला पेंडसे यांनी मला गाठले. "लेख वाचला गं. पण त्याच तळघरात, औषधाशिवाय, ती बरी झालीच कशी?" अंक वाचणारी एकमेव व्यक्ती भेटली, आणि मला तिच्यापुढे मान खाली घालावी लागली.

सबब, पुढील अंकात ठळक खुलासा छापून त्या बाईला रीतसर मरू द्यावे.

आपली नम्र आणि तूर्त सभासद,
विभावरी आठल्ये
१४ नोव्हेंबर २०१६

सोबत : मूळ लेख, शेवटासह.