पडवीतल्या क्लबात बाईचा आवाज

सोम. ४ मार्च १९२९
आमचे अमेरिकेतले बुवा म्हणजे बाई निघाल्या. पूर्णगडच्या गणू तांडेलाने खात्रीने सांगितलं. ग्रामोफोनची तबकडी त्यानेच तिकडून आणलेली. तिथल्या बंदरातल्या गुत्त्यात त्या काळ्या बाईला गाताना त्याने प्रत्यक्ष पाहिलेलं.

पौषापासून दर शनिवारी संध्याकाळी आप्पा खोतांच्या पडवीत आम्ही ती ऐकतो आहोत. जड, खोल आवाज. शब्द कळत नाहीत, तरी कोणी पान लावायलाही हलत नाही. आज गणू बोटीवर जाण्याआधी भेटायला आला, म्हणून भर दुपारी लावली. आवाज एकदम वर चढला.

आप्पा : "मेल्या, काय केलंस हे?"
"मी काय करू? तुमी मशीनला खोबरेल घातलात, आप्पानू! थंडीत थिजनार नाय तर काय?"

केसांना, दिव्याला, बिजागरीला, सगळ्याला खोबरेलच घालणारे आम्ही. गारव्यात चक्र रेंगाळायचं आणि बाईचा बुवा व्हायचा. पोट धरून हसलो. मग पुन्हा ऐकली. हसू कुठल्या कुठे गेलं. एकटी बाई, आणि सगळी पडवी भरून... नाही, जमत नाही लिहायला.

मंगळ. ५
हसण्यावारी नेता येणार नाही. आमचा गायन क्लब सुरू झाला तेव्हा आप्पांनी आळीला शब्द दिला होता की इथे बाईचं गाणं होणार नाही. त्या शब्दावर नऊ वर्षं क्लब चाललाय. आज त्यांनी तबकडी फडक्यात गुंडाळली.

माजघराच्या दाराआड यसू, त्यांची विधवा बहीण. प्रत्येक बैठक तिने तिथूनच ऐकलेली. म्हणाली, "दादा, इतके शनिवार ऐकलीत, तेव्हा आळी बाटली नाही?"
तबलजी सोवनी म्हणाले, "नकळत झालं ते वेगळं, यसूताई."
"मग मला कळून गायचंय. पडवीत बसून."
चहा तसाच राहिला.

गुरु. ७
आमच्या साप्ताहिकाचा अंक छापायला सोडून आप्पांकडे गेलो. अंगणातच थांबलो. आत जातं चालू होतं. यसू त्याच परक्या चालीवर, शब्द मात्र आपले :

गलबत गेलं गेलं, दिवा त्याचा दिसेना,
बाई माझा डोळा, किनारा सोडीना.

ती चाल इतक्या समुद्रांपलीकडून आली आणि जात्याच्या घरघरीत बसली, जशी इथलीच. वीस वर्षं जलशांचे वृत्तान्त लिहितो आहे. चपला काढायचंही भान राहिलं नाही. पडवीत आप्पा झोपाळ्यावर, पाय टेकून, झोका थांबवून. मला पाहून बोलले एवढंच, "ही आमची यसू?"

शुक्र. ८
गणू सकाळी गेला. आप्पांनी सगळ्यांकडे निरोप धाडला : उद्या बैठक होईल, यसू पडवीत बसून गाईल, ज्यांना उठून जायचं त्यांनी येऊच नये. आळीला दिलेला शब्द परत घ्यायला स्वतः दारोदार हिंडले. दोन घरांनी दार लावून घेतलं. सोवनींचा निरोप, 'पडवीतला माझा तबला घेऊन जातो.' म्हणजे येणार नाहीत.

पेटीला मी बसणार. नऊ वर्षं ती पुरुषांच्या सुरात वाजली. उद्या सकाळी यसूकडे जाऊन विचारायचं, तुझा सूर कोणता.