देवळातला पंखा

भोर. मंगळवार, संध्याकाळ

सासूबाईंच्या पित्ताशयात खडे आहेत, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. त्या म्हणाल्या, आधी देवीला कौल लावू. सकाळी गुरवांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार. डावं पडलं. पण त्या बाजूला पंखा चालू होता, मी बघत होते.

घरी येताना म्हटलं, "आत्याबाई, ते पंख्याच्या वाऱ्यानं पडलं."

"आन् वारा कुणाचा गं? तुझ्या बापाचा?"

त्यांचंही खरं असेल. वारा देवीचा, पंखाही तिचाच. मग तो पंखा मला दिसला, तोही तिनंच दाखवला ना? की तेवढं एकच माझं?

दुपारी कळ आली, त्या पोट धरून भिंतीला टेकल्या. कळ ओसरल्यावर मी हेच विचारलं. त्यांनी पदरानं कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "लई शिकलीस. उद्या पंखा बंद करून लावू."

आणि पुन्हा डावंच पडलं तर? पिशवी मी भरून ठेवली आहे. त्यांना नसरापूरच्या दवाखान्यात नेणारच. देवीला काय सांगायचं ते मी सांगेन.

कळ कोणी दिली, हे मात्र त्यांना विचारलं नाही. तिलाही नाही.